विचारा की सर : बँक बुडाल्यावर पैसे कोण वाटतं, कसे वाटतं

मागच्या अंकात पिग्मी आणि भिशीवर लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, की १८७४ साली अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांची एक अख्खी बँक बुडाली आणि ठेवीदारांना नऊ वर्षांत मिळून रुपयाला जास्तीत जास्त बासष्ट पैसे मिळाले. त्या एका वाक्यावर वडगावपासून निपाणीपर्यंतची पत्रं आली, फोन आले, एकजण तर इथं बेळगावात शनिवार खुटावर गाडी थांबवून विचारायला लागले. त्यामुळं यावेळचं सगळं सदर त्याच विषयाला देतोय.

प्रश्न : सर, आम्ही वडगावचे, घरात दोन पॉवरलूम. सासूबाई आणि मी रोज पन्नास, कधी शंभर असं करून सहा वर्षं पिग्मी भरली. गेल्या दिवाळीपासून सोसायटीला कुलूप आहे, आता लिक्विडेटर, म्हणजे सोसायटी मोडीत काढणारा अधिकारी, आलाय म्हणून सांगायलेत. गल्लीतला एकजण म्हणायलाय पासबुक द्या, शंभराला तीस आत्ता हातात देतो, नंतर तेवढे पण मिळायचे नाहीत. मिस्टर म्हणतात देऊन टाक. तुम्ही लिहिलेल्या त्या अमेरिकेतल्या लोकांनी काय केलं हो?
(एक भगिनी, वडगाव)

उत्तर : ताई, आधी उत्तर देतो आणि मग गोष्ट, कारण तो माणूस उद्या परत दारात येईल. पासबुक देऊ नका. तीसला नको, पन्नासलाही नको. जो आज स्वतःच्या खिशातले तीस घालायला तयार आहे, त्याला तीसपेक्षा जास्त वसुली होईल असं वाटतंय म्हणूनच तो घालतोय.

आता गोष्ट. त्या बँकेचं पूर्ण नाव फ्रीडमन्स सेव्हिंग्ज अँड ट्रस्ट कंपनी, लोक नुसतं फ्रीडमन्स बँक म्हणायचे. ३ मार्च १८६५ ला अमेरिकेच्या काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, तिचा कायदा केला आणि त्यावर अब्राहम लिंकनची सही आहे, पुढच्या सहा आठवड्यांत लिंकनचा खून झाला. यादवी युद्ध संपत आलेलं, लाखो माणसांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घामाचा पैसा पडत होता, काळे सैनिक होते त्यांचा पगार होता, आणि हा पैसा ठेवायला धड जागा नव्हती, लुबाडायला मात्र माणसं टपलेली. जॉन आल्व्हर्ड नावाच्या एका पाद्र्यानं ही बचत बँक काढायचं मनावर घेतलं. पाच सेंटपासून पैसे घ्यायचे. धुणं धुणाऱ्या बायका, शेतमजूर, सुतार, हमाल, शाळेतली पोरं, चर्चची मंडळं, सगळे यायचे. ताई, ही तुमची पिग्मीच झाली की, फक्त एजंट दारात येत नव्हता, माणूस बँकेत जात होता. बघता बघता १७ राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये मिळून ३७ शाखा झाल्या.

लोकांचा विश्वास कशावर बसला ते मला फार महत्त्वाचं वाटतं. लिंकनची सही, संसदेचा कायदा, वॉशिंग्टनमध्ये अर्थखात्याच्या अगदी समोर पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर बांधलेली अंदाजे अडीच लाख डॉलरच्या वरची इमारत, बँकेच्या कागदांवर लिंकनचं चित्र. हे सगळं बघितल्यावर शेतावर राबणाऱ्या माणसानं काय समजायचं? ही सरकारची बँक, असंच तो समजला. आणि सरकारची हमी एका सेंटचीही नव्हती. नाव सरकारचं, जबाबदारी कुणाचीच नाही. याबद्दल मला आजही राग येतो.

सुरुवातीचा नियम चांगला होता. ठेवीतले दोन तृतीयांश सरकारी रोख्यांत घालायचे, बाकीचे मागायला आलेल्यांसाठी हाताशी ठेवायचे, कर्जबिर्ज द्यायचंच नाही. मग १८७० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि जमीन-घराच्या तारणावर कर्ज द्यायला परवानगी मिळाली, कागदावर अट होती की तारण कर्जाच्या दुप्पट किमतीचं पाहिजे, पण अट कोण बघतंय. पैशाचा कारभार फायनान्स कमिटीकडं, आणि कमिटीवर हेन्री कूक, म्हणजे त्या काळातला सगळ्यात मोठा बँकर जे कूक याचा भाऊ. बँकेचे पैसे जे कूकच्या पेढीला पाच टक्क्यानं दिले गेले, आणि बँक ठेवीदाराला सहा टक्के देत होती! सेनेका सँडस्टोन नावाची दगडखाणीची कंपनी होती, वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेच्या लाल इमारतीचा दगड त्याच खाणींच्या भागातला, त्या कंपनीत हेन्री कूकचा स्वतःचा पैसा गुंतलेला आणि तिलाही बँकेनं कर्ज दिलं, तेही ज्या तारणाची किंमत नावापुरती होती त्यावर. धुणंवालीचे पाच-पाच सेंट असे फिरत फिरत कुठं गेले बघा.

१८ सप्टेंबर १८७३ ला जे कूकची पेढी कोसळली. रेल्वेत, नॉर्दर्न पॅसिफिकमध्ये, फार पैसा अडकला होता. सगळ्या देशात घबराट, न्यूयॉर्कचा शेअर बाजार दहा दिवस बंद, आणि फ्रीडमन्स बँकेच्या दारात रांगा. रांगेतल्यांना द्यायला बँकेनं चांगले रोखे विकले आणि मागं राहिली ती न वसूल होणारी कर्जं. २९ जून १८७४ ला बँक बंद झाली. त्या दिवशी ६१,१४४ ठेवीदारांचे जवळजवळ २९ लाख ९४ हजार डॉलर आत होते, म्हणजे माणशी सरासरी ४९ डॉलर.

आता तुमच्या प्रश्नाचा भाग. पैसे एकदम मिळाले नाहीत, हप्त्यानं मिळाले. १८७५ च्या नोव्हेंबरात २० टक्के, १८७८ मध्ये १०, १८८० मध्ये १०, १८८२ मध्ये १५ आणि १८८३ मध्ये ७, सगळं मिळून ६२. पण हे ६२ मिळाले कुणाला, तर ज्यानं पासबुक जपून ठेवलं, वॉशिंग्टनला पाठवलं, आणि नऊ वर्षं पत्ता कळवत राहिला त्याला. शाखा बंद, ओळखीचा कॅशियर गेलेला, बऱ्याच लोकांना लिहिता येत नाही, मजुरीसाठी गाव बदललेलं, काहीजण वारले. ज्याचे पाच डॉलर होते त्याला पहिला हप्ता एक डॉलर, त्या एका डॉलरसाठी कागद कुणाकडून लिहून घ्यायचा? म्हणून हजारोंनी मागितलेच नाहीत. आणि कित्येकांनी पासबुकं मिळेल त्या भावात विकून टाकली, गल्लीतला तुमचा माणूस तिथंही होता ताई. गरिबाचं नुकसान बँक बुडाली त्या दिवशी झालं ते झालंच, पण नंतर वाटणीच्या वेळी त्याला थकवून पुन्हा झालं.

आता काय करायचं. पासबुक आणि पिग्मीच्या पावत्या काढून बसा. मशीनमधून निघालेल्या त्या गुळगुळीत पावत्या असतील तर आजच्या आज झेरॉक्स काढा, मोबाईलवर फोटो घ्या. शहापूरच्या माझ्या आत्यानं असल्या पावत्या हळदीच्या डब्याशेजारी एका पिशवीत ठेवल्या होत्या, तिची सोसायटी बंद पडली आणि आम्ही पिशवी उघडली तर चौदा महिन्यांच्या पावत्या कोऱ्या पांढऱ्या. उन्हात तिरक्या धरून बघितल्या, एखादा आकडा दिसतोय का म्हणून, शून्य. पासबुकात एजंटानं शेवटच्या नोंदी केल्याच नव्हत्या. त्या चौदा महिन्यांचे पैसे आत्याला शेवटपर्यंत सिद्ध करता आले नाहीत. तुमचं तसं होऊ नये म्हणून एवढं सांगतोय. लिक्विडेटरच्या ऑफिसात क्लेमचा फॉर्म सासूबाईंचा वेगळा आणि तुमचा वेगळा भरा, पासबुकाची झेरॉक्स जोडा, मूळ पासबुक मागितलं तर सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नका, इनवर्ड, म्हणजे आवक नोंदीचा, नंबर लिहून घ्या. सासूबाईंच्या खात्यावर वारस लावलाय का ते बघा. कोऱ्या कागदावर अंगठा नको. फॉर्म कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरांना घेऊन बसा, आपली पोरं दोन्ही वाचतात.

प्रश्न : मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकात लिक्विडेटर आहे, इंग्रजी बातम्यांत रिसिव्हर येतो, आणि आमच्याकडं प्रशासक बसवला असं म्हणतात. सगळे एकच का? आणि बँकेच्या मालकांकडून पैसे का घेत नाहीत?
(एक विद्यार्थी, निपाणी)

उत्तर : एक नाहीत. प्रशासक म्हणजे संस्था अजून जिवंत आहे, संचालक मंडळ बाजूला केलंय आणि कारभार एका माणसाकडं दिलाय. लिक्विडेटर, मराठीत अवसायक, आला म्हणजे संस्था आटोपायची आहे. रिसिव्हरचं काम बऱ्याच अंशी अवसायकासारखंच असतं, फरक नेमणूक कोण करतं आणि कुठल्या कायद्याखाली करतं यात आहे. तुमच्या निपाणीचंच उदाहरण घे, तंबाखूचा एखादा मोठा व्यापारी बुडाला तर वखारीची किल्ली एकाच माणसाच्या हातात जायला पाहिजे, नाहीतर ज्याचा ट्रक आधी पोचला तो तंबाखूची बोदं, म्हणजे गाठी, उचलून नेणार आणि मागून येणाऱ्याला धूळ. ती किल्ली धरणारा माणूस म्हणजे रिसिव्हर. तो आत काय आहे त्याची यादी करतो, येणं वसूल करतो, माल-जमीन विकतो, खर्च वजा करतो आणि उरलं ते ज्यांचे पैसे अडकलेत त्या सगळ्यांना सारख्या टक्क्यानं वाटतो. या वाटपाला पण डिव्हिडंडच म्हणतात, तेव्हा परीक्षेत गोंधळू नकोस, इथं डिव्हिडंड म्हणजे नफा नव्हे, आपल्याच बुडालेल्या पैशाचा हप्ता.

अमेरिकेत १८६३ आणि १८६४ च्या कायद्यांनी नॅशनल बँका आल्या आणि त्यांच्यावर कंट्रोलर ऑफ द करन्सी हा अधिकारी बसवला. नॅशनल बँक बुडाली की रिसिव्हर तो नेमायचा. पहिली बुडाली ती न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅटिका गावची फर्स्ट नॅशनल बँक, १८६५ मध्येच. आणि तू मालकांचं विचारलंस ते अगदी योग्य विचारलंस. त्या कायद्यात दुहेरी जबाबदारी होती, म्हणजे शेअर शंभर डॉलरचा असेल तर बँक बुडाल्यावर ते शंभर तर गेलेच, वर आणखी शंभरपर्यंत रिसिव्हर शेअरहोल्डरच्या खिशातून मागू शकायचा. १९३० च्या दशकापर्यंत ही पद्धत चालली. मला ती फार पटते, स्वतःचं घर पणाला लागलं की माणूस दुसऱ्याचे पैसे जपून वापरतो.

पण फ्रीडमन्स बँक नॅशनल बँक नव्हतीच, आणि तिला शेअरहोल्डरही नव्हते. ती ठेवीदारांच्या फायद्यासाठी चालवायची बचत बँक, वर विश्वस्त, आणि विश्वस्तांचा स्वतःचा एक डॉलरही त्यात असायला पाहिजे अशी सक्ती नाही. म्हणजे बुडाल्यावर मागायचं कुणाकडं? फक्त कर्जदारांकडं. कायद्यानं तिथं एका रिसिव्हरऐवजी तीन कमिशनर बसवले, जॉन क्रेसवेल जे आधी पोस्टमास्टर जनरल होते, फिलाडेल्फियाचे काळे पुढारी रॉबर्ट पर्व्हिस, आणि लीपोल्ड हे हिशेबाचे माणूस. १८७३ नंतर जमिनींचे भाव पडलेले, मंदी १८७९ पर्यंत हटली नाही, तारण घाईनं विकलं तर कवडीमोल आणि थांबलं तर तिघांचा पगार, वकील, ऑफिस हा खर्च ठेवीदारांच्याच पैशातून चाललेला. शेवटी १८८१ मध्ये तिघांना काढून काम एकट्या कंट्रोलरकडं दिलं. आणि वॉशिंग्टनची ती दिमाखदार इमारत सरकारनंच विकत घेतली.

प्रश्न : फ्रेडरिक डग्लस या बँकेचे अध्यक्ष होते असं कळलं. आम्ही त्यांचं नाव बाबासाहेबांच्या नावाबरोबर आदरानं घेतो. मग बँक त्यांच्या हातून बुडाली असं म्हणायचं का?
(एक शिक्षक, खानापूर)

उत्तर : नाही सर, आणि हे स्पष्ट लिहायला मिळालं याचं मला समाधान आहे. डग्लस स्वतः मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले, पळून सुटले, आणि काळ्या लोकांचा देशातला सगळ्यात मोठा आवाज झाले. अध्यक्षाच्या खुर्चीवर ते बसले मार्च १८७४ मध्ये. बँक बंद झाली जूनमध्ये. तीन-साडेतीन महिने. त्याआधी जे कूक कोसळून गेला होता, रांगा लागून गेल्या होत्या, वाईट कर्जं वर्षानुवर्षं वहीत पडून होती. त्यांना आणलंच अशासाठी की त्यांचं नाव बघून लोक पैसे काढायचे थांबतील. त्यांनी आल्या आल्या स्वतःचे दहा हजार डॉलर बँकेला वापरायला दिले. मग वह्या उघडल्या, चौकशी केली, आणि खरं काय ते कळल्यावर संसदेच्या समितीला जाऊन सांगितलं की ही बँक चालू ठेवण्यासारखी नाही. स्वतः अध्यक्ष असताना असं सांगायला काय लागतं ते आपल्या भागातल्या संस्था बघितलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तरी दोष त्यांच्यावर आला. दारावर शेवटची पाटी त्यांच्या नावाची होती ना. आमच्याकडं पण असंच होतं, कर्जं वाटणारे कधीच निघून गेलेले असतात आणि शेवटी आलेला भला माणूस लोकांच्या शिव्या खातो. वर्गात सांगाल तेव्हा तारखा आधी सांगा सर, १८७० ची दुरुस्ती, सप्टेंबर १८७३, मग मार्च १८७४. पोरांना आपोआप कळतंय.

प्रश्न : माझे रिटायरमेंटचे पैसे एका नागरी सहकारी बँकेत आणि थोडे एका सौहार्द सोसायटीत, म्हणजे पतसंस्थेसारख्या सहकारी संस्थेत, आहेत. दोन्हीकडं पाच लाखांचा विमा आहे असं एजंट म्हणतो. खरं का?
(एक निवृत्त कर्मचारी, टिळकवाडी)

उत्तर : बँकेचं खरं, सोसायटीचं खोटं. ठेवींचा विमा डीआयसीजीसी ही रिझर्व्ह बँकेची संस्था देते आणि तो बँकांना आहे, त्यात नागरी सहकारी बँका येतात. सौहार्द, पतसंस्था, मल्टीस्टेट क्रेडिट सोसायटी, यांना तो नाही, दारावर कितीही मोठ्या अक्षरात काहीही लिहिलेलं असू दे. बँकेतही पाच लाख म्हणजे मुद्दल आणि व्याज धरून, आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतली तुमच्या नावावरची खाती एकत्र करून. खडे बाजारच्या शाखेत चार आणि कॅम्पातल्या शाखेत चार ठेवले तर विमा आठाचा होत नाही.

आपल्याकडं हा विमा १ जानेवारी १९६२ पासून आला, त्याआधी १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि महाराष्ट्रातली लक्ष्मी बँक बुडाली होती. तेव्हा मर्यादा होती १,५०० रुपये, १९९३ मध्ये एक लाख झाली आणि फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख आहे. अमेरिकेत १९३४ मध्ये सुरू झाला, फ्रीडमन्स बँक बंद पडल्यावर साठ वर्षांनी. सोसायटीतली ठेव कधी संपतेय ते बघा, आणि संपली की नुसती सही करून रिन्यू करू नका, आधी शेवटचा ऑडिट रिपोर्ट मागा, तुम्ही सभासद आहात, तो बघायचा तुमचा हक्क आहे.

प्रश्न : त्या लोकांना बाकीचे अडतीस टक्के पुढं कधी मिळाले का? आणि त्यांचे कागद कुठं आहेत आता?
(एक वाचक, अनगोळ)

उत्तर : नाही मिळाले. सरकारनं ही भरपाई करावी अशी मागणी संसदेपुढं पुन्हा पुन्हा गेली, पण संसदेनं पैसे दिले नाहीत.

कागद मात्र राहिले, आणि ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यात शाखांची सह्यांची रजिस्टरं आहेत. आपल्याकडं खातं उघडताना नाव, पत्ता, वारस एवढं घेतात. तिथं ठेवीदाराला लिहिता-वाचता येत नसेल तर माणूस ओळखायचा कसा, म्हणून कारकून त्याला बसवून विचारायचा आणि लिहायचा. नाव, वय, रंग, जन्म कुठं झाला, लहानाचा मोठा कुठं झाला, आता कुठं राहतो, काम काय, कुणाकडं, बायको, मुलं, आई, बाप, भाऊ, बहिणी. कुठल्या रजिस्टरात आधीच्या मालकाचं नाव, मळ्याचं नाव, सैन्यात असेल तर पलटण. गुलामगिरीत आई एकीकडं आणि पोर दुसरीकडं विकलेलं असायचं, त्यामुळं भावा-बहिणीच्या रकान्यात कुणी विकला गेला, कुणी वारला, कुणाचा पत्ता नाही असलं पण लिहिलेलं सापडतं. खाली सहीच्या जागी फुली, आणि कारकुनानं बाजूला लिहिलेलं, ही याची निशाणी.

युद्धाआधीच्या सरकारी खानेसुमारीत गुलामांची नावं सहसा लिहीतच नव्हते, मालकाच्या नावाखाली नुसतं वय, रंग आणि स्त्री की पुरुष. त्यामुळं आज अमेरिकेतली काळी कुटुंबं आपला खापरपणजोबा शोधायला निघाली की या रजिस्टरांपाशी येतात. २००१ मध्ये त्यांची कॉम्प्युटरवर सूची झाली, त्यात पावणेपाच लाखांच्या आसपास नावं आहेत, ठेवीदार आणि त्यांनी सांगितलेले नातेवाईक मिळून. आणि त्या जुन्या बँकेच्या जागेवर आता अर्थखात्याची जी इमारत आहे, तिला जानेवारी २०१६ मध्ये फ्रीडमन्स बँक बिल्डिंग असं नाव दिलंय.